एक मार्था म्हणजे किती मीटर?

रविवारी दुपारी जेवणं झाली की बोर्डिंगच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही मुली एकीखाली एक अशा बसायचो. वरच्या पायरीवरची मुलगी खालच्या पायरीवरचीचं डोकं विंचरायची. खोबरेल तेलाची बाटली एकच, ती वरून खाली येईपर्यंत तळाला गेलेली असायची, म्हणून वरची पायरी मिळवण्यासाठी जेवण अर्धवट टाकून पळायचं. माझ्या खाली मार्था बसायची आणि मार्थाच्या खाली माझी धाकटी बहीण सुमी. मी मार्थाची वेणी घालायची, मार्था सुमीची. सुमीची वेणी उंदराच्या शेपटीएवढी, ती चुटकीसरशी होई. मार्थाची वेणी मात्र मानेपासून गुडघ्यापर्यंत, आणि तिला तीन पेडांत बसवताना माझे हात भरून येत.

त्या वेणीनं आम्ही जग मोजायचो. फूटपट्टी सिस्टरांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि मार्था मात्र कायम हाताशी. रिबन कापायची तर वेणीशेजारी धरून एक मार्था, फ्रॉकला झालर लावायची तर तीन मार्था. डॉर्मिटरीत कुणाच्या गादीला किती जागा यावरून भांडण झालं की मार्था घोडा व्हायची, हाता-गुडघ्यांवर. भिंतीपासून सुरुवात करून आम्ही वेणीचं टोक ताणून धरायचो, खाली खडूनं रेघ मारायचो आणि घोडा रेघेपर्यंत मागे सरकायचा. सुमीची उंची दीड मार्थाला दोन बोटं कमी होती. नाताळपर्यंत पुरी दीड व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं.

हे प्रवासवर्णनच आहे, धीर धरा. पुणे, श्रीरामपूर, संगमनेर, राजूर आणि परत, असा चार दिवसांचा प्रवास. बसची, खाण्याची माहिती येईलच. पण मी फिरायला गेले नव्हते, हे आधी सांगितलेलं बरं.

सुमी दीड मार्था झाली नाही. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी तापाची साथ आली आणि आठ वर्षांची सुमी त्यात गेली. श्रीरामपूरकडच्या एका गावात आमचं बोर्डिंग होतं, तिथल्याच कबरस्थानात तिला ठेवलं. बाबांनी लाकडी क्रूस रोवला, कबरीच्या चार कोपऱ्यांना चार विटा तिरप्या पुरल्या आणि ते आईला घेऊन गेले. वाळवी क्रूस खाणार, हे आम्हां मुलींनाही कळत होतं. म्हणून एका संध्याकाळी मी आणि मार्था गुपचूप गेलो आणि क्रुसाची जागा मोजून ठेवली. फाटकाच्या दगडी खांबापासून रस्त्याकडेच्या भिंतीलगत अकरा मार्था, मग भिंतीपासून काटकोनात आत चार मार्था. रात्रीच्या जेवणाला सिस्टरांनी विचारलं, "मार्था, डोक्याला चुना कुठं लावून आलीस?" आम्ही दोघी ताटात बघत राहिलो. सिस्टरांनी आपल्या रुमालानं तिचं डोकं झटकलं आणि पुढं काही विचारलं नाही.

पंधरवडाही झाला नसेल, मार्थालाही ताप आला. केस कापले की ताप उतरतो, अशी तेव्हा समजूत होती. वेणी मानेशी कापली, मार्था वाचली. तिच्या आईनं ती वेणी फडक्यात गुंडाळून घरी नेली आणि तिचं गंगावन करून घेतलं. बोर्डिंगमधलं मोजमाप त्या दिवशी बंद पडलं. आकडा मात्र आम्ही सोडला नाही. रोज रात्रीच्या प्रार्थनेच्या शेवटी पुटपुटायचो, "सुमी, अकरा आणि चार, आमेन." लग्नानंतर मी पुण्याला आले, तरी पुटपुटतेच आहे.

पुढं कबरस्थानात दोनदा मातीची भर पडली. क्रूस गेला, विटा खाली गेल्या. आईनं दगड कधी बसवू दिला नाही. नाव कोरलं की ते खरं होतं, म्हणायची. आई गेल्यानंतर मी दरवर्षी मृतांच्या दिवशी जाऊन भिंतीशी एक मेणबत्ती लावून येत असे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी पीटरभाऊंचा फोन आला. पीटरभाऊ म्हणजे तिथल्या चर्चच्या कमिटीतले, कबरस्थानाचं तेच बघतात.

"ताई, रस्ता रुंद होतोय. सोमवारी सकाळी आपली भिंत पाडनार. भिंतीपासून आत चार मीटर जागा जानार. ज्यांच्या कबरींना खुना हायेत, त्यांच्या माणसांनी उचलून आत आनल्या. बिनखुनेच्या ज्या लागतील त्या सगळ्या एकाच खड्ड्यात एकत्र ठेवायच्या, असं ठरलंय. तुमची बहीण त्या पट्टीत येती का?"

"अकरा आणि चार," मी म्हणाले.

"मीटर?"

"मार्था."

मग पीटरभाऊ हळूच म्हणाले, "ताई, तितं मीटरमधी सांगावं लागंल."

सुमी एकत्र खड्ड्यात जाणार, कुणाकुणाच्या हाडांत मिसळून, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरेना. मुलगी अनिता म्हणाली, आई, गाडीनं सोडते. मला गाडीत कुणाशी बोलायचं नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी एसटीत बसले.

पुण्याहून नगरकडे जाताना डाव्या बाजूला बसा, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत आम्हीच जास्त असतो आणि गप्पांना तोटा नसतो. शिरूरला गाडी चहाला थांबते. तिथली भेळ चांगली असते, पण माझ्या तोंडाला चव नव्हती. बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं आणि कंडक्टर दारातून "नगर, नगर, चला नगर" ओरडतो, हे ऐकायला मला आवडतं. नगर सोडलं की राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य. हंगामात या रस्त्यावर तुमचं वेळापत्रक ट्रॅक्टरवाला ठरवतो. एका ट्रॉलीमागं आमची गाडी इतकी रखडली, की शेजारची बाई म्हणाली, "उतरून ऊस खात चाललो तरी म्होरं निघू." सगळ्या हसल्या. मी घड्याळात बघत होते.

मार्था श्रीरामपुरात स्टेशनच्या मागं राहते. अंगणवाडीत होती, आता निवृत्त. दार उघडून तिनं मला आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मग समोर पाटावर बसून डोक्यावरचा पदर काढला.

"बघ," ती म्हणाली. "लिंबाएवढा अंबाडा ऱ्हायलाय. यानं मोज आता काय मोजायचं ते."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. तिनं हुलग्याचे शेंगोळे केले होते. ताटात वाढताना म्हणाली, "खा आधी. रिकाम्या पोटी हिशेब चुकतो."

"गंगावन कुठाय, मार्था?"

तिनं भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "रूथकडं. राजूरला. आईनं तिच्या लग्नात तिला घातलं. तिचे केस पातळ, आन् नवरदेवाकडची मान्सं लई बारीक बघनारी."

"मग उद्या जाऊ."

"ती दार उघडंल का ते सांगता येत न्हाई."

रूथ मार्थाची धाकटी बहीण. त्यांची आई शेवटच्या आजारपणात कुणाकडे राहिली आणि कुणाकडे राहायला हवी होती, यावरून दोघी बोलत नव्हत्या. रूथला आधी फोन करायचा मार्थाला धीर होईना. नाही म्हणाली तर जायचं कारणच संपतं, आणि न विचारता गेलं तर निदान दारापर्यंत पोचता येतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

शनिवारी पहाटेच निघालो. श्रीरामपूरहून राजूरला जायचं तर संगमनेरला गाडी बदला, सोयीचं पडतं. संगमनेर स्टँडवर गरम वडापाव मिळतो आणि स्वच्छतागृहही बरं आहे, आमच्या वयाला या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. अकोल्यापासून रस्ता चढू लागतो. ऊस मागं राहतो, भाताची कापलेली खाचरं दिसू लागतात आणि थंडी खिडकीच्या फटीतून गुडघ्यांत शिरते. स्वेटर वरच ठेवा. एरवी मी इथं डोंगरांचं वर्णन केलं असतं. त्या दिवशी डोंगर माझ्या वाटेत होते, एवढंच आठवतं. राजूरला उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारली. तुम्हीही विचारा, नुसत्या पाटीवर विसंबू नका. कंट्रोलर म्हणाला, "चारची हाय. आली तर चारला, न्हाई तर आली तवा."

रूथनं दार उघडलं. ती तिथल्या शाळेत शिक्षिका होती. सडपातळ, चष्मा कपाळावर. तिनं मार्थाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाई, आज बहिणीची आठवन झाली व्हय?" ती म्हणाली. "का कुनी मेलं?"

"न्हाई मेलं," मार्था म्हणाली. "मेलेल्याचंच काम हाय."

आत बसलो. मी सगळं सांगितलं. मार्था दोन्ही हात मांडीवर ठेवून सतरंजीकडं बघत होती. रूथनं चहा ठेवला, आणि पाठमोरीच म्हणाली, "म्हंजे माज्यासाठी न्हाई आली. वेनीसाठी आली."

"वेनीसाठीच आले," मार्था म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, संपलं. पण या उत्तरावर रूथ वळली, बहिणीकडं जरा वेळ बघत राहिली आणि आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. मार्थानं माझं मनगट धरलं होतं.

रूथ आली ती मऊ जुन्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आत कडुलिंबाचा वाळका पाला आणि मार्थाची वेणी. काळीभोर. आम्ही दोघी पांढऱ्या झालो आणि ती तशीच तेरा वर्षांची राहिलेली. मार्थानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"कापली बिपली नाहीस ना कधी?" मी विचारलं.

"शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी कुनाला तरी रानी करायची, तिला देत व्हते," रूथ म्हणाली. "पन कात्री न्हाई लागू दिली. जशी आईनं दिली तशी हाय. आनि एक आधीच सांगते, न्यायची न्हाई. मोजायची तर हितं मोजा. आकडा घेऊन जा, वेनी ऱ्हाऊ दे."

तिनं शिवणाच्या मशीनवरची टेप आणली. एक टोक तिनं धरलं, दुसरं मार्थानं. मानेशी जिथं कापली होती तिथून टोकाच्या गाठीपर्यंत ब्याऐंशी सेंटिमीटर. मी तीनदा बघितलं. अकरा मार्था म्हणजे नऊ मीटर दोन सेंटिमीटर. चार म्हणजे तीन मीटर अठ्ठावीस.

"चार मीटरच्या आत," मी म्हणाले. "ती पट्टीत येते."

म्हणजे सुमीला उचलावं लागणार होतं. पण आता जागा कळली होती, तिला वेगळं उचलता आलं असतं. निघताना रूथनं आम्हांला दारापर्यंत सोडलं. "पेढे घेऊन जा," ती मला म्हणाली, "हितले चांगले असतात." मार्थाला काही म्हणाली नाही. चारची गाडी साडेचारला आली. राजूरचे पेढे खरोखर चांगले असतात, ते मी नंतर कधीतरी खाल्ले.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आम्ही कबरस्थानात गेलो. पीटरभाऊ होते, त्यांनी बोलावलेले खोदणारे दोघे होते, आणि ठेकेदाराचा इंजिनियर होता, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं भिंतीपासून चार मीटरवर फक्कीची पांढरी रेघ मारून ठेवली होती. रस्त्यावर जेसीबी आदल्या दिवशीच येऊन उभा होता, तोंड भिंतीकडं करून.

"मावशी, तुमचं ते काय माप आहे म्हणाले पीटरभाऊ?" इंजिनियरनं विचारलं.

"मार्था."

"आणि मार्था म्हणजे?"

"मी," मार्था म्हणाली.

त्यानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि टेप काढला. शहाणा मुलगा, हसला नाही. फाटकाच्या खांबापासून नऊ मीटर दोन, भिंतीपासून तीन मीटर अठ्ठावीस. तिथं त्यानं एक काडी रोवली. खोदणाऱ्यांनी मला विचारून कुदळ घातली. आठ वर्षांच्या पोरीसाठी केवढंसं खणायचं, असं मला वाटत होतं. भर घातलेली माती निघाली, त्याखाली पिवळा मुरूम लागला. कुदळ खणखणू लागली.

"ताई," त्यातला एक म्हणाला, "ह्यो मुरूम कधीच हलल्याला न्हाई. हितं कुनी न्हाई."

"थोडं बाजूला बघा," पीटरभाऊ म्हणाले. एक हात इकडे खणलं, एक हात तिकडे. मुरूमच. वीट नाही, काही नाही. इतकी वर्षं रोज रात्री म्हटलेला आकडा खोटा निघाला होता. की बारा आणि चार होते? की अकरा आणि पाच? एकदा शंका शिरली की कुठलाच आकडा आपला वाटेना.

"तू मोजत व्हतीस," मार्था म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "मी खाली बघत व्हते. तू चुकली असशील."

"अकराच होते. आपण दोघींनी बोटांवर मोजले होते."

"मंग वेनी कापली असंल रूथनं."

"मार्था, तिला उगीच काही म्हणू नकोस."

ऊन उतरू लागलं. इंजिनियर फोनवर बोलत लांब गेला, परत आला. "मावशी, मी सकाळी सातपर्यंत थांबू शकतो. त्यापुढे माझ्या हातात नाही. जागा नाही सापडली, तर पट्टीतलं जे निघेल ते पीटरभाऊंच्या ताब्यात देईन. नीट काढू, एवढं बघतो."

नीट काढू. मला त्याचा राग येत नव्हता, आणि तेच जास्त असह्य होतं. खोदणारे झाडाखाली बसले. मार्थाचे गुडघे दुखत होते, ती भिंतीला पाठ लावून खालीच बसली आणि डोकं मागं टेकून डोळे मिटले. पीटरभाऊंनी पाण्याची बाटली पुढं केली. ती प्यायली आणि म्हणाली, "उठव मला."

मी हात देऊन तिला उठवलं. भिंतीला मृतांच्या दिवसाच्या वेळी चुना दिलेला होता, तो तिच्या केसांना लागला होता. मी पदरानं झटकू लागले. लिंबाएवढा अंबाडा, त्यावर पांढरं. झटकता झटकता माझा हात थांबला.

"मार्था, त्या रात्री सिस्टरांनी तुझं डोकं झटकलं होतं."

"व्हय. चुना लागला व्हता."

"का लागला होता?"

"घोडा झाले व्हते म्हनून," ती सावकाश म्हणाली. "डोकं भिंतीला लावून."

"आणि वेणी कुठून सुरू व्हायची?"

तिचा हात आपोआप मानेवर गेला.

रिबन मोजताना मार्था म्हणजे नुसती वेणी असायची. जमीन मोजताना मार्था म्हणजे टाळूपासून मानेपर्यंतचं डोकं, आणि त्यापुढं वेणी. आम्ही दोन मापांना एकाच नावानं हाक मारत होतो, आणि बोर्डिंगमध्ये त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. प्रत्येक मार्थामागं एक डोकं आम्ही राजूरहून आणायचं विसरलो होतो. ते तर मार्थाच्या खांद्यांवरच होतं.

"इंजिनियर साहेब," मी हाक मारली, "टेप आणा."

मार्थानं साडीचा काष्टा खोचल्यासारखं केलं आणि पीटरभाऊंना म्हणाली, "भाऊ, तिकडं बघा." मग ती हळूहळू वाकली. एक गुडघा, दुसरा गुडघा, मग हात. कण्हली, पण थांबली नाही. घोडा होऊन तिनं डोकं भिंतीला टेकवलं, तसंच, जसं तेव्हा. केस कापले तेव्हाची जागा तिनं स्वतः बोटानं दाखवली. पीटरभाऊंनी तिकडं बघायचं सोडून दिलं होतं. त्यांनी आपलं प्रार्थनापुस्तक उभं करून तिच्या मानेशी धरलं आणि इंजिनियरनं भिंतीपासून पुस्तकापर्यंत टेप लावला.

"बावीस."

"डोकं वयानं वाढतं का रे?" मार्थानं खालूनच विचारलं.

"नाही, मावशी. तेराव्या वर्षी जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं."

"मंग लिही."

ब्याऐंशी आणि बावीस, एकशे चार. एक मार्था म्हणजे एक मीटर चार सेंटिमीटर. इंजिनियरनं मोबाईलवर गुणाकार केला. खांबापासून अकरा मीटर चव्वेचाळीस. भिंतीपासून चार मीटर सोळा. त्यानं आकडा वाचला, फक्कीच्या रेघेकडं बघितलं आणि पुन्हा वाचला.

"रेघेच्या आत आहे," तो म्हणाला. "म्हणजे, आपल्या आत. पट्टीच्या बाहेर. सोळा सेंटिमीटर."

खोदणाऱ्यानं त्या जागी कुदळ घेतली नाही, पहार घेतली आणि हलकेच दाबली. पहार लोण्यात जावी तशी गेली. त्यानं काढली, हातभर बाजूला दाबली. टक् झालं. त्यानं हातानंच माती उकरली, फूटभर खाली. तिरपी पुरलेली वीट, एक कोपरा वर. बाबांची.

"अजून उकरू?" त्यानं विचारलं.

"नको," मी आणि मार्था एकदम म्हणालो.

आमच्यात कबरीचे पाय पूर्वेकडं असतात आणि रस्ता पश्चिमेला. क्रूस डोक्याशी, म्हणजे भिंतीच्या सगळ्यात जवळचं तेच टोक. सुमी तिथून आत, पूर्वेकडं झोपलेली. तिला हलवायचं कारणच नव्हतं. पण नवी भिंत रेघेवर येणार, तिला पाया लागणार. मी विचारायच्या आधीच इंजिनियर म्हणाला, "पाया रस्त्याच्या अंगाला घेतो. कागदावर चालतंय. फक्त सकाळी इथं ठळक खूण दिसू दे, नाहीतर ड्रायव्हरला कळायचं नाही."

पीटरभाऊंनी चर्चच्या आवारातला मोठा दगड आणवला. मार्थानं त्याला चुना लावला, आणि उरलेला चुना हाताला लागला होता तो माझ्या गालाला पुसला.

सोमवारी सातला आम्ही दोघी दगडापाशी जाऊन उभ्या राहिलो. भिंत पडताना आवाजापेक्षा धूळच जास्त झाली. जेसीबीचं तोंड रेघेपर्यंत येई आणि वळे. दर वेळी मार्थाची बोटं माझ्या हातात रुतत. ड्रायव्हर शेवटी खाली उतरला आणि म्हणाला, "आज्ज्यांनो, जरा मागं व्हा की. दगड दिसतोय मला." आम्ही मागं झालो नाही. त्यानं काम आम्ही नसल्यासारखं केलं, पण सावकाश.

दुपारच्या गाडीनं मी पुण्याला आले. तुम्ही त्या बाजूला गेलात तर राहुरीला थांबून विद्यापीठाच्या रोपवाटिकेत एक चक्कर मारा, रोपं स्वस्त आणि खात्रीची असतात. मी एक जाईचं रोप घेतलं, ते सुमीच्या दगडापाशी लावायला पुढच्या महिन्यात नेणार आहे. दगडावर आता नाव कोरून घेणार. आईला जे खरं होऊ द्यायचं नव्हतं, ते आमच्या रोजच्या आमेनमध्ये केव्हाच खरं झालं होतं.

काल मार्थाचा फोन आला. रूथचा तिला आला होता. सगळं ऐकून घेऊन रूथ म्हणाली म्हणे, "म्हंजे माझी वेनी बरोबर व्हती. चुकलं ते तुजं डोकं." त्यावर या दोघी तासभर बोलल्या. रूथ पुढच्या रविवारी श्रीरामपूरला येते आहे, वेणी घेऊन.

मी घरी येऊन एकशे चार सेंटिमीटरच्या तीन पांढऱ्या रिबनी कापल्या. प्रत्येकीवर ब्याऐंशीशी एक लाल टाका घातला, म्हणजे वेणी कुठं संपते आणि डोकं कुठं सुरू होतं ते दिसेल. लाल टाक्यापर्यंत मोजलं तर सुमी एक मीटर वीसची होती. दोन बोटं कमी होती, ती कमीच राहिली.

अनिता हा ब्लॉग वाचतेच, म्हणून इथंच लिहून ठेवते. एक रिबन पीटरभाऊंकडं चर्चच्या कपाटात राहील, त्या कपाटाला कुलूप लावू नये. दुसरी मार्थाची, तिच्यानंतर रूथच्या मुलीची. तिसरी माझी, ती नात ताराला द्यायची आणि तिची उंची त्यावर मोजायची, दर नाताळला. वेणी रूथचीच. ती कुणाच्या डोक्यावर जाईल ते रूथ ठरवेल, पण शाळेच्या राणीला द्यायचं थांबवू नये. माझी जपमाळ मार्थाला, मार्था आधी गेली तर मीच ती तिच्या हातात ठेवलेली असेल.

आणि मला पुण्यात ठेवू नका. सुमीच्या उजव्या बाजूला, एक मार्था सोडून. डोकं धरून.